चीज तळताना फुटतं, कव्हर तेल पितं, असं का होतं? डहाणूच्या बोंबील फ्रायमध्ये दडलंय उत्तर

रीलमध्ये सगळं सोपं दिसतं. सोनेरी रंगाची चीजची कांडी मधोमध मोडली जाते, 'कुर्रर्र' आवाज येतो, आतून लांबच लांब तार सुटते आणि खाली हजारो लाइक्स. मग घरी तोच प्रयोग होतो. कांड्या तेलात जातात, पहिलं अर्धं मिनिट सगळं छान दिसतं आणि अचानक कढईत पांढरा फेस उसळतो. चीज बाहेर, तेल आत. ताटात येतात ती रिकामी, मऊ, तेलानं निथळणारी टरफलं.

शहरात हा प्रयोग फसला तर फार तर चिडचिड होते. डहाणू तालुक्यातल्या रानशेतसारख्या गावात तो फसला तर जास्त लागतं. चीजचा पुडा आणायचा तर बाजाराचं गाव गाठायचं, उन्हातून तो घरी आणायचा, वीज टिकली तर फ्रीजमध्ये ठेवायचा. एवढं करून 200 ग्रॅम चीज कढईत विरघळलं तर चीज गेलं, त्यासोबत अर्धा लिटर तेलही गेलं. कारण जळक्या चीजचा वास त्या तेलाला कायमचा चिकटतो.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर त्याच पट्ट्यातल्या स्वयंपाकघरांत पिढ्यानपिढ्या आहे. फक्त ते चीजच्या नावानं कुणी सांगितलेलं नाही. त्याचं नाव आहे बोंबील फ्राय. तिथपर्यंत जाण्याआधी कढईत नेमकं काय घडतं ते समजून घेऊया.

तळणं म्हणजे खरं तर पाणी बाहेर काढणं

तळणं म्हणजे पदार्थ तेलात शिजवणं, असं आपण समजतो. पण कढईत बुडबुडे दिसतात ते तेलाचे नसतात. खाण्याचं तेल 180 अंशांना उकळत नाही. ते बुडबुडे असतात पदार्थातल्या पाण्याच्या वाफेचे.

पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. तेल 175 ते 180 अंशांवर असतं. कव्हरमधलं पाणी या तेलाला भिडलं की क्षणात त्याची वाफ होते आणि ती जोरात बाहेर पडते. वाफ बाहेर येत असते तोपर्यंत तेलाला आत शिरायला वाट मिळत नाही. दारातून माणसांची गर्दी बाहेर पडत असताना आत घुसायचा प्रयत्न करून पाहा, तसंच हे.

पाणी निघून गेलेली जागा कोरडी, कडक आणि बारीक छिद्रांची होते. यालाच आपण कुरकुरीत म्हणतो. म्हणजे कुरकुरीतपणा तेलामुळे येत नाही, पाणी गेल्यामुळे येतो. तेल फक्त उष्णता पोचवतं.

तेल कमी तापलेलं असेल तर वाफ सावकाश तयार होते, तिचा जोर कमी पडतो, कव्हर घट्ट व्हायला वेळ लागतो आणि पदार्थ जास्त वेळ तेलात पडून राहतो. म्हणून 'मंद आचेवर तळलं की तेल कमी पितं' हा समज या पदार्थापुरता तरी उलटा आहे.

तेल आत शिरतं ते कढईच्या बाहेर

आता सगळ्यात महत्त्वाची आणि फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट. तळलेल्या पदार्थातलं बरंचसं तेल तो कढईत असताना आत जातच नाही. ते जातं पदार्थ बाहेर काढल्यावर, पहिल्या एक-दोन मिनिटांत.

कांडी तेलातून बाहेर आली की ती गार व्हायला लागते. कव्हरच्या छिद्रांमध्ये भरलेली वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होते. पाण्याची वाफ होते तेव्हा तिचं आकारमान जवळपास 1,600 पटींनी वाढतं. ती परत पाणी झाली की तेवढीच जागा मोकळी होते. छिद्रांत पोकळी तयार होते आणि बाहेरून चिकटलेलं तेल आत ओढलं जातं, जसं ड्रॉपरचा फुगा सोडला की औषध वर चढतं.

म्हणजे बाहेर काढल्याच्या क्षणी कांडीवर जितकं तेल चिकटलेलं असेल, तितकं तेल पोटात जायची शक्यता. म्हणून तळणी कढईच्या वरच दोन-तीनदा झटकणं आणि पदार्थ गरम असतानाच निथळू देणं, या दोन सवयी महागड्या यंत्रापेक्षा जास्त काम करतात.

आता बोंबील

डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील रोजचा. ताज्या बोंबलात 85 ते 90 टक्के पाणी असतं. हातात धरला तरी तो जेलीसारखा लोंबतो. असा मासा सरळ तेलात टाकला तर काय होईल? पाणी सुटेल, तेल तडतडेल, कव्हर गळून पडेल आणि माशाचा लगदा होईल.

म्हणून बोंबील फ्राय करताना तीन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली, बोंबील उभा चिरून, पसरून, वर पाटा किंवा जड काहीतरी ठेवून त्यातलं पाणी काढायचं. दुसरी, वर रवा आणि तांदळाच्या पिठाचा कोरडा थर द्यायचा. तिसरी, तवा आणि तेल चांगलं तापल्याशिवाय मासा सोडायचा नाही आणि सोडल्यावर सारखा हलवायचा नाही.

आतून मऊ आणि ओला, बाहेरून कोरडा आणि कडक. चीजच्या कांडीला नेमकं हेच हवं असतं. फरक एवढाच की बोंबलातून पाणी पळतं आणि चीजमधून पाणी आणि चरबी दोन्ही पळतात. त्यामुळे वरचं पाणी टिपायचं, आतलं गोठवायचं, भिंत दुहेरी करायची आणि तेल तापवायचं. बाकी सगळा तपशील आहे.

सगळी चीज सारखी नसतात

अर्ध्या फसलेल्या प्रयोगांचं कारण दुकानातच असतं. पाकिटावर 'चीज' लिहिलं असलं तरी आतला पदार्थ वेगवेगळा वागतो.

*मोझरेला (ब्लॉक):* पिझ्झासाठी मिळणारं हे चीज गरम पाण्यात ओढून-ताणून तयार करतात. त्यातली प्रथिनं लांब धाग्यांसारखी रचली जातात, म्हणून तार सुटते. ते साधारण 55 ते 60 अंशांना वाहायला लागतं. तार हवी असेल तर हेच घ्या, पण वेळ सांभाळा. पाण्यात बुडवून मिळणारे ताज्या मोझरेलाचे गोळे मात्र तळायला घेऊ नका. त्यात पाणी फार असतं.

*प्रोसेस्ड चीज (ब्लॉक किंवा क्यूब):* घराघरांत असतं ते हे. यात चीज वितळवून त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार मिसळलेले असतात. त्यामुळे चरबी आणि पाणी एकमेकांना धरून राहतात. हे चीज मऊ होतं, पण मोझरेलासारखं सुसाट वाहत नाही. तार कमी, पण फुटण्याचा धोकाही कमी. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी हेच बरं.

*चीज स्लाइस आणि स्प्रेड:* सँडविचमध्ये छान, कढईत नको. स्लाइस पातळ असते, कव्हर घट्ट व्हायच्या आतच ती विरघळते.

*पनीर:* पनीर वितळत नाही, कितीही तापवा. कारण ते बनवताना दूध उकळून त्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालतात. आंबटपणामुळे प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम निघून जातं, उष्णतेमुळे मठ्ठ्यातली प्रथिनंही त्यात अडकतात आणि घट्ट जाळं तयार होतं. ते जाळं तापवल्यावर सुटत नाही. म्हणून पनीर पकोडा फुटत नाही. पनीरची अडचण वेगळी आहे, ती म्हणजे पाणी. नियमानुसार पनीरमध्ये 60 टक्क्यांपर्यंत पाणी चालतं. फडक्यात गुंडाळून 20 ते 30 मिनिटं वजनाखाली ठेवलं की काम होतं. अगदी बोंबलासारखं.

*टोपली पनीर:* या पट्ट्याची खास गोष्ट. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या चिकूवाड्यांमुळे इथं पारशी-इराणी घरांची जुनी वस्ती आहे. पारशी घरांत लग्नकार्याला छोट्या टोपल्यांमध्ये लावलेलं, मठ्ठ्यात तरंगणारं मऊसूत टोपली पनीर असतं. नाव पनीर असलं तरी ते रेनेटनं, म्हणजे विरजणासारख्या वेगळ्याच घटकानं लावतात आणि जिभेवर ठेवताच विरघळावं इतकं नाजूक ठेवतात. ते तसंच खायचं. कढईत घालायचा मोह टाळा.

एक इशाराही गरजेचा आहे. बाजारात 'अ‍ॅनालॉग' नावाचा प्रकार मिळतो. यात दुधाच्या चरबीऐवजी पाम तेलासारखी वनस्पती चरबी असते. तो विकणं बेकायदा नाही, पण तो चीज किंवा पनीर म्हणून विकता येत नाही, पाकिटावर तसं स्पष्ट लिहावं लागतं. घटकांच्या यादीत वनस्पती तेल दिसलं तर तुम्ही चीजचे पैसे देऊन दुसरंच काही घेत नाही ना, ते तपासा.

कव्हरच्या तीन भिंती

चीज बाहेर पडतं कारण कव्हरला कुठेतरी भेग असते. सुईएवढी भेगही पुरते. आतला दाब तिथूनच वाट काढतो. म्हणून कव्हर तीन थरांत देतात आणि प्रत्येक थराचं काम वेगळं असतं.

पहिला थर कोरड्या पिठाचा. चीजचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि तेलकट असतो, त्यावर ओलं पीठ नुसतं घसरतं. मैद्याचा किंवा कॉर्नफ्लोअरचा हलका थर ओलावा शोषतो आणि पुढच्या थराला धरायला खडबडीत जागा देतो.

दुसरा थर डिंकाचा. अंडं चालत असेल तर फेटलेलं अंडं उत्तम, कारण अंड्यातली प्रथिनं तापली की लगेच घट्ट होतात. शाकाहारी घरात मैदा आणि कॉर्नफ्लोअरची पातळ पेस्ट तेच काम करते. पेस्ट डोशाच्या पिठाइतकी सरसरीत हवी. घट्ट झाली तर कव्हर जाड होतं, आतून कच्चं राहतं आणि जास्त तेल धरतं.

तिसरा थर चुऱ्याचा. बाजारचे ब्रेडक्रम्स चालतील, पण शिळा पाव त्याहून स्वस्त. पाव तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कडक होईपर्यंत भाजा, गार करा, मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. फार बारीक भुकटी नको, जाडसर रव्याएवढा चुरा हवा. गोड टोस्टचा चुरा टाळा. साखर लवकर करपते, चीज गरम व्हायच्या आत कांडी काळी पडते.

इथं तांदळाचं पीठ मोठी मदत करतं. पालघर हा भाताचा जिल्हा, वाड्याच्या कोलम तांदळाला भौगोलिक मानांकनही आहे. भाकरीसाठी तांदळाचं पीठ घरात असतंच. गव्हात ग्लुटेन असतं, तांदळात नसतं. त्यामुळे तांदळाच्या पिठाचं कव्हर चिवट होत नाही, खुसखुशीत होतं आणि मैद्यापेक्षा कमी तेल धरतं. एक वाटी चुऱ्यात दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळा, फरक जाणवेल. पावाचा चुरा नसेल तर तीन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचं पीठ घ्या. हेच ते बोंबलाचं कव्हर.

आणि एक गोष्ट मुद्दाम टाळायची, ती म्हणजे खायचा सोडा. भजी हलकी व्हावीत म्हणून चिमूटभर सोडा घालायची सवय असते. पण सोड्यामुळे कव्हरमध्ये वायूचे बुडबुडे होतात आणि त्या प्रत्येक बुडबुड्याच्या जागी तेल बसतं. त्याच बुडबुड्यांमुळे भिंतही कमकुवत होते. पेस्टमध्ये गरम तेलाचं मोहनही नको.

फ्रीझर का लागतो?

ही सगळी शर्यत दोन घड्याळांची आहे. एक घड्याळ कव्हरचं, त्याला कडक आणि सोनेरी व्हायला साधारण एक ते दीड मिनिट लागतं. दुसरं चीजचं, त्याला वितळून वाहायला किती वेळ लागतो ते. कव्हर आधी जिंकलं पाहिजे.

कव्हरचा वेग फार वाढवता येत नाही, म्हणून चीजला मागे ओढायचं. कांड्या फ्रीझरमध्ये कडक केल्या की आतलं चीज उणे तापमानापासून सुरुवात करतं. बाहेरून उष्णता मध्यापर्यंत पोचते तोवर भिंत तयार झालेली असते. कांडीची जाडीही महत्त्वाची. दीड सेंटिमीटर जाडी योग्य. त्याहून पातळ कांडी लवकर फुटते, जाड कांडी मधे थंडगार राहते.

कव्हर दिल्यावर निदान एक तास फ्रीझरमध्ये ठेवा, दोन तास दिले तर उत्तम. या वेळात पेस्ट चुऱ्याला घट्ट धरते. पण उघड्या कांड्यांवर बर्फाचे कण साचू देऊ नका, ताटली झाकून ठेवा. बर्फ तेलात गेला की तेल अंगावर उडतं.

जिथं बाजार लांब आहे तिथं आणखी एक काळजी. उन्हातून आणलेलं चीज मऊ पडलेलं असतं आणि त्याला चरबीचा घाम सुटलेला असतो. तसंच कापून कव्हर देऊ नका. आधी ते फ्रीजमध्ये घट्ट करा, मग कापा, कोरड्या फडक्यानं टिपा आणि मगच पीठ लावा. मधेच वीज गेली तर फ्रीझरचं दार उघडू नका, आतला गारवा बराच वेळ टिकतो. कांड्या मऊ झाल्याच असतील तर त्या दिवशी तळायचा बेत सोडा, पुन्हा कडक होऊ द्या.

प्रत्यक्ष कृती

साधारण 12 कांड्यांसाठी:

- चीज ब्लॉक 200 ग्रॅम
- कोरड्या थरासाठी मैदा 3 चमचे
- पेस्टसाठी मैदा 4 मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर 2 मोठे चमचे, पाणी पाऊण ते एक छोटी वाटी, मिरपूड, चिमूटभर मीठ
- पावाचा जाडसर चुरा दीड वाटी, त्यात तांदळाचं पीठ 3 चमचे
- तळायला शेंगदाणा किंवा सूर्यफूल रिफाइंड तेल, कढईत निदान दोन इंच भरेल इतकं

1. थंड चीज दीड सेंटिमीटर जाड, सहा-सात सेंटिमीटर लांब कांड्यांत कापा. फडक्यानं टिपा.
2. कांडी मैद्यात घोळवा, जादा पीठ झटका.
3. पेस्टमध्ये बुडवा, निथळू द्या, चुऱ्यात घोळवून हलक्या हातानं दाबा. टोकांकडे विशेष लक्ष द्या, बहुतेक कांड्या टोकालाच फुटतात.
4. पुन्हा एकदा पेस्ट, पुन्हा एकदा चुरा. हा दुसरा हात टाळू नका.
5. ताटलीत एकमेकींना न चिकटता ठेवा, झाकून एक ते दोन तास फ्रीझरमध्ये.
6. तेल तापवा. तापल्याची खूण पुढे दिली आहे.
7. एका वेळी तीन-चारच कांड्या सोडा. पहिली 20-30 सेकंद हात लावू नका, मग एकदा उलटा.
8. दीड मिनिटाच्या आसपास रंग सोनेरी झाला की बाहेर. रंग आणखी गडद व्हायची वाट पाहू नका.
9. कढईवरच झटका, जाळीवर उभ्या-आडव्या सुट्या ठेवा. चाट मसाला आता भुरभुरवा.

मीठ बेतानंच, कारण चीज मुळातच खारट असतं.

पनीर घेतलं तर कृती तीच, फक्त फ्रीझर नको. गोठवलं की पनीरच्या आत बर्फ होतो आणि ते भुसभुशीत पडतं. वजनाखाली पाणी काढा, दोन थर द्या, 15 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि तळा.

थर्मामीटर नसेल तर?

घरी थर्मामीटर कुणाकडे असतो? मग ब्रेडचा छोटा तुकडा तेलात टाका. साधारण एका मिनिटात तो सोनेरी झाला तर तेल 180 अंशांच्या जवळ आहे. 20-25 सेकंदांतच काळपट झाला तर तेल जास्त तापलं आहे, गॅस बारीक करून थांबा. तुकडा तळाशी बसून राहिला आणि बुडबुडे आळसावलेले असले तर तेल अजून तयार नाही. तेलातून धूर निघू लागला तर ते जळायला लागलं आहे.

प्रत्येक घाण्यानंतर तेलाचं तापमान उतरतं, कारण कांड्या गोठलेल्या असतात. एकदम आठ-दहा सोडल्या तर तेल इतकं गार होतं की नंतर गॅस कितीही मोठा केला तरी उशीर होतो. छोटा घाणा, मधे अर्धा-एक मिनिट थांबणं, मग पुढचा घाणा. पाहुणे दारात असले तरी हीच पद्धत लवकर संपते, कारण फुटलेलं चीज काढत बसावं लागत नाही.

टिशू पेपर की जाळी?

तळलेलं काढून टिशू पेपरवर ढीग घालायचा, ही आपली सवय. कागद तेल टिपतो खरं, पण खालच्या बाजूला वाफ अडकते. अडकलेली वाफ पाणी होते आणि कव्हर मऊ पडतं. जाळी किंवा पिठाची चाळणी उलटी ठेवली तर हवा चारही बाजूंनी खेळते. कागद वापरायचाच तर कांड्या सुट्या ठेवा आणि मिनिटभरात जाळीवर हलवा. वर्तमानपत्र मात्र नको. छपाईची शाई गरम तेलात उतरते, खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत अशी सूचना अन्न सुरक्षा प्राधिकरणानं दिलेली आहे.

किनारपट्टीची हवा हा आणखी एक शत्रू. पावसाळ्यात पापड काही मिनिटांत सादळतो, तसंच हे कव्हरही. डब्यात भरून झाकण लावलं तर पाच मिनिटांत कुरकुरीतपणा गेला समजा. म्हणून कांड्या आधी तळून ठेवू नका, आधी गोठवून ठेवा. चांगल्या पिशवीत बंद केलेल्या कच्च्या कांड्या फ्रीझरमध्ये दोन-तीन आठवडे सहज राहतात. हव्या तेव्हा काढा आणि गोठलेल्याच तळा.

हा मुद्दा कमाईचाही आहे. चैत्र पौर्णिमेपासून चारोटीजवळच्या विवळवेढ्यात महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा किंवा एरवीच्या बाजारांत खाद्यपदार्थांची दुकानं लावणाऱ्या बचत गटांना नवा पदार्थ करून पाहायचा असतो. चीजसारखा महाग माल वापरायचा तर दर घाण्यातल्या दोन कांड्या फुटणं म्हणजे नफा तिथंच संपणं. आदल्या दिवशी गोठवून ठेवायचं, गिऱ्हाईक समोर आल्यावर तळायचं, हा हिशेब तिथं उपयोगी पडतो. विक्री करायची तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते, तेवढं लक्षात असू द्या.

उरलेल्या तेलाचं काय?

'तेल परत वापरलं तर काय होतं?' याचं एक उत्तर तब्येतीचं आहे, दुसरं थेट या पदार्थाचं. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्याचं विघटन होतं आणि त्यात साबणासारखे गुण असलेली संयुगं तयार होतात. साबण जसा पाणी आणि तेल जवळ आणतो, तशी ही संयुगं तेलाला ओल्या कव्हरशी जास्त सलगी करू देतात. परिणाम, जुन्या तेलात तळलेलं जास्त तेलकट होतं आणि लवकर काळं पडतं. म्हणजे तेल वाचवायला गेलं की पोटात जास्त तेल जातं.

भारतात खाद्य व्यवसायांसाठी मर्यादा ठरलेली आहे. तेलातली ही 'टोटल पोलर कंपाउंड्स' 25 टक्क्यांपेक्षा जास्त झाली तर ते तेल वापरता येत नाही. हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. घरी मोजायचं साधन नसतं, पण खुणा असतात. तेल दाट झालं, रंग गडद झाला, तापताना फेस टिकून राहू लागला, कडवट वास आला, की ते तेल बाद.

चीज तळलेलं तेल लवकर खराब होतं, कारण सुटलेला चुरा तळाशी जळत राहतो. म्हणून प्रत्येक घाण्यानंतर बारीक जाळीनं चुरा काढा. सगळं झाल्यावर तेल पूर्ण गार करून फडक्यातून गाळा, ते फोडणीला किंवा भाजीला दोन-तीन दिवसांत संपवा. परत कढईभर तळणासाठी साठवू नका. बाद तेल मोरीत ओतू नका, ते नळीत गोठून पाणी तुंबवतं.

जीवावर बेतू नये म्हणून

चीज तळणं भजी तळण्यापेक्षा थोडं जास्त धोक्याचं आहे. चीज फुटलं की पाणी आणि चरबी एकदम तेलात येते आणि तेल उसळतं. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. लहान मुलांना दूर ठेवा. कांडी हातानं वरून टाकू नका, झाऱ्यावरून कडेनं सोडा.

चुकून तेलानं पेट घेतलाच तर पाणी कधीही ओतू नका. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद करा, कढईवर घट्ट झाकण सरकवा आणि ती जागेवरून हलवू नका. आणि खातानाही घाई नको. कव्हर गार लागलं तरी आतलं चीज चटका देतं आणि ते टाळूला चिकटून बसतं. मुलांना देण्याआधी दोन मिनिटं थांबा, कांडी मोडून पाहा.

कुठे चुकलं ते कसं ओळखायचं?

कांडी टोकाला फुटली, तर टोकांना दुसरा थर नीट बसला नव्हता. मधूनच फुटली, तर चीज पुरेसं गोठलं नव्हतं किंवा ती तेलात जास्त वेळ राहिली. कव्हर सुटून तरंगू लागलं, तर चीज ओलं होतं, कोरड्या पिठाचा थर राहिला. बाहेरून काळी आणि आत घट्ट राहिली, तर तेल फार तापलं होतं. फिकट आणि तेलकट निघाली, तर तेल गार होतं किंवा घाणा मोठा होता. छान झाली पण ताटात मऊ पडली, तर ढीग घातला होता.

एअर फ्रायर असेल तर त्याच गोठवलेल्या कांड्यांना तेलाचा हलका हात लावून 200 अंशांवर सहा ते आठ मिनिटं द्या. तेल खूपच कमी लागतं, पण गरम हवा तेलाइतक्या वेगानं उष्णता देत नाही. कव्हर सावकाश कडक होतं, म्हणून इथं मोझरेलापेक्षा प्रोसेस्ड चीज जास्त भरवशाचं.

जगभर हाच खटाटोप

चीज तळायची हौस काही रीलमुळे आलेली नाही. पॅरिसमध्ये 1393 च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एका गृहोपयोगी ग्रंथात पिठात घोळवून तळलेल्या चीजची कृती आहे. चेक देशात पावाच्या चुऱ्यातलं तळलेलं चीज घरोघरी होतं. सायप्रसचं हलूमी पनीरासारखं न वितळणारं, त्यामुळे ते बिनकव्हरचं तव्यावर भाजतात. वितळणारं असेल तर भिंत बांधायची, न वितळणारं असेल तर थेट तापवायचं, हे सगळीकडे सारखंच.

डहाणूच्या किनाऱ्यावर हे बोंबलाच्या निमित्तानं केव्हाच कळलं होतं. ओल टिपा, कोरडं कव्हर द्या, तेल तापू द्या आणि सारखं ढवळू नका. पुढच्या वेळी चीज कढईत सोडण्याआधी एवढं केलं, तर चीज कांडीत राहील आणि तेल कढईत.